जाऊबाईंची मरगळ आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या: आधी काय तपासायचं?

मृण्मयी_इंदूर | ७ जानेवारी, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. हा धागा माझ्या मोठ्या जाऊबाईंसाठी काढतेय, त्यांना विचारूनच. वय ४४, दोन मुलं, आम्ही सगळे सुदामा नगरात एकत्र राहतो. बरेच महिने झाले, त्या पूर्वीच्या राहिलेल्या नाहीत. सानंद या इथल्या मराठी संस्थेचं नाटक असलं की आठ दिवस आधीपासून साडी काढून ठेवणारी बाई, आता "तुम्ही जा, मला नको" म्हणते. पहाटे तीन-साडेतीनला जाग येते, मग झोप नाही. जेवण दोन घास. फोडणी टाकतात आणि गॅससमोर नुसत्या उभ्या राहतात. कुणी साधं काही विचारलं तरी डोळे भरून येतात.

घरात सगळ्यांचं एकच मत: अशक्तपणा आहे. त्यामुळे प्रत्येकानं काही ना काही आणून दिलंय. भाच्यानं ऑनलाइन मल्टिव्हिटॅमिन मागवलं, मैत्रिणीनं केसांसाठी बायोटिन सुचवलं, मेडिकलवाल्यानं डी-३ च्या पुड्या दिल्या. सकाळी सहाला थायरॉइडची गोळी. पाठोपाठ आल्याचा चहा, आणि त्या चहाबरोबरच लोहाची कॅप्सूल, कॅल्शियमची मोठी पांढरी गोळी, मल्टिव्हिटॅमिन, बायोटिन. ॲसिडिटीची गोळी तर कित्येक वर्षं चालू आहे. रविवारी दुधातून डी-३.

मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. व्हिटॅमिन कमी असल्यानं डिप्रेशन येतं का? आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे आत्ता जावं की घरचे म्हणतात तसं "हा कोर्स होऊ दे, मग बघू"?

---

सुगरण_माळवा | ७ जानेवारी, रात्री १०:५१

मृण्मयी, आधी जाऊबाईंना माझा नमस्कार सांग. संक्रांत तोंडावर आहे, तिळाचे लाडू खाऊ घाल, बाजरीची भाकरी, मेथी, खजूर. दुपारच्या उन्हात गच्चीवर बसव. माझ्या आईला बी-१२ ची इंजेक्शनं दिली आणि तिच्यात पुष्कळ फरक पडला होता, त्यामुळे या गोष्टी वाया जात नाहीत असंच मी म्हणेन.

---

शुभ्रा_फिजिशियन | ८ जानेवारी, सकाळी ७:१५

मृण्मयी, तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते थांबू शकत नाही. पहाटेची जाग, मेलेली भूक, आवडत्या गोष्टींतून उडालेलं मन, रडू, आणि हे सगळं महिनोन्‌महिने. दोन आठवड्यांहून जास्त असं चाललं तर डिप्रेशनची तपासणी करायलाच हवी. व्हिटॅमिनचा कोर्स संपण्याची वाट बघायची नाही. दोन्ही कामं एकाच वेळी होऊ शकतात. आणि एक गोष्ट त्यांना एकटीला गाठून, शांतपणे, सरळ शब्दांत विचार: "जगणं नको असं वाटतं का?" असं विचारल्यानं कुणाच्या मनात तो विचार भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो आलं तर त्याच दिवशी डॉक्टर. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

आता गोळ्यांविषयी. त्यांच्या सकाळच्या त्या पाऊण तासात बऱ्याच गोष्टी एकमेकींच्या आड येतायत.

थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी पाण्याबरोबर घ्यायची, त्यानंतर निदान अर्धा तास चहा नाही. कॅल्शियम आणि लोह तिच्यापासून चार तास लांब, कारण दोन्ही तिला आतड्यात धरून ठेवतात आणि ती रक्तात पुरेशी पोचत नाही. चहातल्या टॅनिनमुळे लोह नीट शोषलं जात नाही, कॅल्शियम तर लोहाच्याही आड येतं. म्हणजे थायरॉइड वाया, लोह वाया. आणि थायरॉइड कमी पडलं की जे होतं ते ऐक: थकवा, जडपणा, उदासी, विसरभोळेपणा. बाहेरून डिप्रेशनसारखंच दिसतं.

बायोटिनचं आणखी वेगळं आहे. केस-नखांच्या गोळ्यांत ते रोजच्या गरजेच्या शेकडो पट असतं आणि कित्येक लॅबमधल्या थायरॉइडच्या चाचणीत घोळ घालतं. टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की हा आकडा वाढतो) खोटंच कमी येतं, टी-४ (थायरॉइडचं संप्रेरक) खोटंच जास्त. खरं तर थायरॉइड कमी पडतंय आणि रिपोर्ट म्हणतो औषध जास्त होतंय. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०१७ मध्ये यावर जाहीर सूचना काढली होती. रक्त देण्याआधी निदान दोन-तीन दिवस बायोटिन बंद ठेवा आणि लॅबमध्ये सांगा.

ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर पोटातलं आम्ल कमी राहतं, आणि अन्नातलं बी-१२ सुटं व्हायला आम्लच लागतं. मधुमेहाची मेटफॉर्मिनही बी-१२ खाली आणते. तुम्ही शाकाहारी असाल तर आधीच आवक कमी.

तपासण्या: हिमोग्लोबिनसह सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, डी, टीएसएच, साखर. फेरिटिन आठवणीनं लिहून घ्या. हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाही लोहाचा साठा संपलेला असू शकतो.

---

विवेक_टिळकनगर | ८ जानेवारी, सकाळी ९:४०

शुभ्राताई, एक शंका. डिप्रेशन असलेल्यांमध्ये व्हिटॅमिन डी कमी सापडतं असं वारंवार वाचलंय. मग डी दिल्यानं डिप्रेशन बरं व्हायला नको का? माझ्या बायकोला डॉक्टरांनी डी दिलं होतं, म्हणून विचारतोय.

---

शुभ्रा_फिजिशियन | ८ जानेवारी, दुपारी २:०५

प्रश्न अगदी रास्त आहे. कमी सापडतं हे खरं. पण ज्याचं मन खचलंय तो घराबाहेर पडत नाही, ऊन लागत नाही, जेवण धड नाही. मग डी कमी असणारच. आधी काय आणि नंतर काय, हे नुसतं रक्त तपासून कळत नाही. त्यासाठी अर्ध्या लोकांना खरी गोळी आणि अर्ध्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी देऊन वर्षानुवर्षं बघावं लागतं.

तसं बघितलंय. अमेरिकेत व्हायटल नावाची चाचणी झाली. पन्नाशीच्या पुढचे १८,३५३ लोक, रोज २,००० युनिट डी-३, साधारण ५.३ वर्षं. २०२० मध्ये निकाल आला: डिप्रेशन टाळण्यात खऱ्या आणि खोट्या गोळीत फरक नाही. त्याच्या आदल्या वर्षी युरोपात मूडफूड चाचणीचा निकाल आला होता. वजन जास्त असलेले, उदासीची थोडीफार लक्षणं असलेले १,०२५ जण चार देशांतून घेतले. ओमेगा-३, सेलेनियम, फॉलिक ॲसिड, डी आणि कॅल्शियम एकत्र करून वर्षभर दिलं. डिप्रेशन टळलं नाही.

तुमच्या पत्नीला डी दिलं ते योग्यच असेल. कमतरता असेल तर हाडांसाठी, स्नायूंसाठी ते द्यायलाच हवं. ते डिप्रेशनचं औषध म्हणून दिलेलं नाही, इतकंच.

आता लोहाकडे वळते, कारण बायकांच्या बाबतीत मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. म्हणजे तुमच्या-माझ्या घरात कुणी ना कुणी असणारच. मेंदूत सेरोटोनिन हे मनःस्थितीशी जोडलेलं रसायन बनवणाऱ्या एन्झाइमला लोह लागतं, पुढच्या पायरीला बी-६ लागतं, त्यामुळे संबंध नाही असं कुणीच म्हणणार नाही. पण फ्रान्समधली एक चाचणी मी रुग्णांना नेहमी सांगते. २०१२ मध्ये छापून आली. रक्तक्षय नाही पण फेरिटिन ५० च्या खाली आणि सतत थकवा, अशा १९८ बायका. बारा आठवडे रोज ८० मिलिग्रॅम लोह. थकवा लक्षणीय कमी झाला. उदासीत आणि चिंतेत मात्र खोट्या गोळीपेक्षा विशेष फरक दिसला नाही.

माझ्या ओपीडीत हेच दिसतं. बाई सांगते, "आता जिना चढताना धाप लागत नाही", आणि खुर्चीत बसल्या बसल्या रडते. घरचे म्हणतात, रक्त तर वाढलं, आता काय झालं? तिथे तिचं दुखणं ऐकून घेणारं कुणी राहत नाही, याचा मला फार त्रास होतो.

---

कावेरी_जुनी_इंदूर | ८ जानेवारी, रात्री ११:३०

सहसा फक्त वाचते, आज लिहितेय.

माझ्या तळपायांना मुंग्या यायच्या, जीभ लाल, सोललेली. चावी कुठे ठेवली, मुलाच्या शाळेत कधी जायचंय, काही लक्षात राहायचं नाही. आणि एक काळोख. हिमोग्लोबिन अगदी ठीक होतं, त्यामुळे दोन ठिकाणी "टेन्शन घेऊ नका" एवढंच ऐकायला मिळालं. मल्टिव्हिटॅमिन दिलं, त्यात फॉलिक ॲसिड भरपूर. शेवटी एका डॉक्टरांनी बी-१२ करायला लावलं, ते तळाला गेलेलं होतं. इंजेक्शनं सुरू झाली. मुंग्या गेल्या, जीभ बरी झाली, डोकं पुष्कळ साफ झालं.

काळोख मात्र अर्धाच उतरला. इंजेक्शनांचा कोर्स झाला म्हणून सगळ्यांनी मला बरी म्हणून टाकलं. तेव्हा मी स्वतः मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. औषध सुरू झालं, बोलणं सुरू झालं. मला दोन्हीची गरज होती. जाऊबाईंना सांगा, पहिले काही आठवडे काहीच होत नाही असं वाटतं, तेव्हा सोडू नका.

---

शुभ्रा_फिजिशियन | ९ जानेवारी, सकाळी ७:०५

कावेरी, लिहिल्याबद्दल मनापासून आभार. तुझं "हिमोग्लोबिन ठीक होतं" हे वाक्य इथल्या प्रत्येकानं लक्षात ठेवावं. १९८८ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक लेख आला होता. बी-१२ च्या कमतरतेमुळे नसांचा किंवा मेंदूचा त्रास झालेल्या १४१ रुग्णांपैकी ४० जणांत रक्तक्षय नव्हता किंवा रक्तपेशींचा आकार वाढलेला नव्हता. आणि बी-१२ न बघता नुसतं फॉलिक ॲसिड देत राहिलं की रक्त सुधारलेलं दिसतं, नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं.

मोड आलेल्या कडधान्यांतून, इडलीच्या पिठातून किंवा स्पिरुलिनातून भरवशाचं बी-१२ मिळत नाही. शाकाहारी माणसाला ते दूध, दही, ताक, पनीर यांतूनच. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यक संशोधन परिषद) २०२० च्या शिफारशीत रोजची गरज २.२ मायक्रोग्रॅम आहे. एका मोठ्या पेल्याभर दुधात साधारण एक मायक्रोग्रॅम. दिवसाकाठी चहात पडेल तेवढ्याच दुधावर राहणाऱ्या बाईचा हिशोब कसा जमणार?

---

दवाबाजार_फार्मासिस्ट | ९ जानेवारी, दुपारी ३:४५

दुकानात उभं राहून जे रोज दिसतं ते लिहितो.

डी-३ ची ६० हजार युनिटची पुडी सहसा आठवड्याला एक, साधारण आठ आठवडे, मग महिन्याला एक किंवा डॉक्टर सांगतील तशी. माझ्याकडे एक काकू आल्या, त्या रोज एक घेत होत्या. "पावडर आहे, सरबतासारखी लागते." मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान, बोलण्यात गोंधळ. डी जास्त झालं की रक्तात कॅल्शियम चढतं, किडनीवर येतं. त्यांना तसंच दवाखान्यात पाठवलं. सी जास्त झालं तर बहुतांशी लघवीतून निघून जातं, डी चरबीत साठून राहतं.

दुसरी गोष्ट, "नसांच्या ताकदीची" म्हणून मिळणारी बी-कॉम्प्लेक्स. काहींत बी-६ भरपूर असतं. रोज १०० मिलिग्रॅमच्या वर, महिनोन्‌महिने घेतलं तर त्याच नसा बिघडतात, हातपाय बधिर होतात. एकाच वेळी तीन डबे चालू असतील तर तिन्हींच्या मागचे आकडे कागदावर लिहून बेरीज करा. आणि त्याच बाजूला बारीक अक्षरात "नॉट फॉर मेडिसिनल यूज" लिहिलेलं असेल. फूड सप्लिमेंटवर ते छापणं बंधनकारक आहे. पुढच्या बाजूला "मूड", "स्ट्रेस", "विमेन" असं काहीही मोठ्या अक्षरात असो, मागची बाजू वाचा.

लोहाच्या गोळ्या लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवा. चॉकलेटी, लाल, चकचकीत दिसतात. मुलानं मूठभर खाल्ल्या तर जिवावर बेततं.

---

सुगरण_माळवा | ९ जानेवारी, दुपारी ४:३०

काका, हे बी-६ चं मला नवीनच. आजच घरातले डबे बघते.

शुभ्राताई, पण पाळीच्या आधीची चिडचिड आणि रडू? तिथे कॅल्शियमचा उपयोग होतो असं ऐकलंय, माझ्या मुलीला झालाही.

---

शुभ्रा_फिजिशियन | ९ जानेवारी, रात्री ९:१०

हो, तिथे थोडा आधार आहे. १९९८ मध्ये अमेरिकेत ४६६ बायकांवर चाचणी झाली, रोज १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम. तिसऱ्या पाळीपर्यंत लक्षणं ४८ टक्क्यांनी उतरली. पण खोट्या गोळीवरही ३० टक्क्यांनी उतरली होती, तेही लक्षात घे. मुलीला बरं वाटत असेल आणि प्रमाण ठीक असेल तर घेऊ दे. फक्त दर महिन्याला ठरावीक दिवशी जीव नकोसा होत असेल तर त्याला पीएमडीडी म्हणतात, त्याचा उपचार वेगळा आहे, स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोला.

---

अनुजा_वडोदरा | १० जानेवारी, रात्री १:२०

मध्येच घुसतेय, माफ करा. मी वडोद्याला असते, माहेर इंदूर. बाळ अडीच महिन्यांचं आहे. सगळे म्हणतात बाळंतपणाची अशक्ती, डिंकाचे लाडू खा, आयर्न-कॅल्शियम चालू आहेच. मला बाळाकडे बघून काहीच वाटत नाही. हे लिहितानाही भीती वाटतेय. सासूबाई चांगल्या आहेत, पण हे त्यांना कसं सांगू?

---

शुभ्रा_फिजिशियन | १० जानेवारी, सकाळी ६:०५

अनुजा, आत्ताच वाचलं. तू वाईट आई नाहीस. बाळंतपणानंतरचं डिप्रेशन पुष्कळ जणींना होतं, जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांत गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांपैकी १० टक्क्यांहून जास्त जणींना. पहिल्या दोन आठवड्यांतली रडारड बहुतेकींची आपोआप जाते. अडीच महिन्यांनीही असं असेल तर ते लाडवांनी आणि आयर्ननं जाणार नाही. आज तुझ्या स्त्रीरोगतज्ज्ञांना फोन कर, म्हण "एडिनबरो स्केल भरायचाय". बाळंतपणानंतरचं डिप्रेशन ओळखायची ती प्रश्नावली आहे, दहा प्रश्न असतात. अंगावर पाजत असतानाही देता येतील अशी औषधं आहेत. बाळंतपणानंतर थायरॉइडही बिघडू शकतं, तेही बघून घ्या. बाळाला किंवा स्वतःला इजा करावी असा विचार आला किंवा रात्र रात्र झोपच येईनाशी झाली तर एक दिवसही थांबू नकोस. नवऱ्याला हा धागा दाखव. मला निरोप पाठव, मी वाट बघतेय.

---

कावेरी_जुनी_इंदूर | १० जानेवारी, सकाळी ८:४०

अनुजा, सासूबाई चांगल्या आहेत म्हणालीस ना? त्यांना एवढंच म्हण, "आई, मला बरं नाही, डॉक्टरांकडे माझ्याबरोबर याल का?" पुढचं तिथे बोलता येईल.

---

मृण्मयी_इंदूर | १९ जानेवारी, रात्री ९:५५

रिपोर्ट आले. बायोटिन थांबवून मगच रक्त दिलं. हिमोग्लोबिन ११.२, फेरिटिन ९, बी-१२ १४८, डी २२, टीएसएच ७.८. आधीच्या दोन रिपोर्टांत टीएसएच खालच्या कडेला होतं म्हणून थायरॉइडचा डोस कमी केला गेला होता! आमच्या फॅमिली डॉक्टरांनी रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून बघितले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

शुभ्राताई, तुम्ही म्हणालात तसं एकटीला विचारलं. जीव द्यावासा वाटत नाही, पण "सकाळी उठायला नको असं वाटतं" म्हणाल्या. हे कुणालाच माहीत नव्हतं.

आता अडलंय ते मानसोपचाराशी. मोठे दीर म्हणाले, "रिपोर्टमध्ये सापडलं ना कारण? मग ते कशाला?" सासूबाईंना बाणगंगेच्या मानसिक रुग्णालयाचं नाव घेतलेलंही चालत नाही.

---

विवेक_टिळकनगर | १९ जानेवारी, रात्री १०:३०

मृण्मयीताई, दादांना माझ्याशी बोलायला सांगा. इंदुरात बाणगंगा म्हटलं की लोक अजून तोंड फिरवतात, मीही त्यातलाच होतो. तिथलं मानसिक चिकित्सालय सरकारी आहे, ओपीडीत तुमच्या-आमच्यासारखी माणसं रांगेत असतात, शाळेतल्या बाई, बँकेतले साहेब. तिथे जायचं नसेल तर खासगीतही डॉक्टर आहेत. माझी बायको आज भिशीला जाते, रागावते, हसते. दादांना म्हणावं, नवऱ्यानं बरोबर जाऊन बसलं की अर्धं काम होतं.

---

शुभ्रा_फिजिशियन | २० जानेवारी, सकाळी ७:३०

दिरांचा प्रश्न चुकीचा नाही. फेरिटिन ९ आणि बी-१२ १४८ हे कमी, टीएसएच ७.८ हे जास्त, या तिन्हींनी माणूस खचतो आणि तिन्हींचा उपचार आजच सुरू करायचा. पण टीएसएच जागेवर यायला सहा-आठ आठवडे, लोहाचा साठा भरायला तीन महिने किंवा जास्त. तोवर त्यांनी रोज पहाटे तीनला छताकडे बघत पडून राहायचं का? मानसोपचारतज्ज्ञ हेच रिपोर्ट बघून ठरवतील की औषध लागेल, नुसतं समुपदेशन पुरेल, की थोडं थांबून बघायचं.

आणि लोह जातंय कुठे, ते शोधा. ४४ व्या वर्षी पाळीत खूप जात असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. गोळ्या वरून ओतत राहायच्या आणि खालून गळती तशीच, असं नको. रजोनिवृत्तीच्या आधीच्या वर्षांत डिप्रेशनचा धोका तसाही वाढतो. ॲसिडिटीची गोळी खरंच लागते का, तेही विचारा.

---

मृण्मयी_इंदूर | २८ मार्च, रात्री ८:४०

उशिरा लिहितेय. दीर स्वतः घेऊन गेले. मानसोपचारतज्ज्ञांनी एसएसआरआय गटातलं (सेरोटोनिन वाढवणारं) डिप्रेशनवरचं औषध छोट्या डोसनं सुरू केलं, पहिले दिवस मळमळ झाली, मग गेली. बी-१२ ची इंजेक्शनं झाली. थायरॉइड आता पहाटे जाग आली की तेव्हाच, लोह दुपारी जेवणानंतर लिंबू पिळून, कॅल्शियम रात्री. पाळीचा त्रास निघाला, गर्भाशयात फायब्रॉइड आहे, त्याचं चालू आहे.

झोप पाच वाजेपर्यंत लागते. सगळं बरं झालंय असं नाही. रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीला, आल्या नाहीत, पण गच्चीतून बघत होत्या.

एक विचारायचं होतं. कुणीतरी त्यांना "नैसर्गिक मूड बूस्टर" आणून दिलंय. वर सेंट जॉन्स वर्ट, ५-एचटीपी आणि अश्वगंधा लिहिलंय. द्यायचं का?

---

दवाबाजार_फार्मासिस्ट | २८ मार्च, रात्री ९:०५

अजिबात नको. आधी बाजूला काढून ठेवा. सेंट जॉन्स वर्ट किंवा ५-एचटीपी एसएसआरआयबरोबर घेतलं तर सेरोटोनिन प्रमाणाबाहेर वाढू शकतं: थरथर, घाम, धडधड, ताप, बेचैनी. हे धोक्याचं आहे. अश्वगंधा थायरॉइडची पातळी हलवू शकते, आणि त्यांचं थायरॉइड नुकतंच जागेवर येतंय.

---

शुभ्रा_फिजिशियन | २८ मार्च, रात्री ९:५०

फार्मासिस्ट काकांना दुजोरा. एखादी गोळी आधीच घेतली असेल आणि वर लिहिलेलं काही जाणवत असेल तर आज रात्रीच डॉक्टरांना फोन करा. एसएसआरआय स्वतःहून अचानक बंद करू नका. आणि बरं वाटायला लागलं की तिथेच सोडायचं नाही, पुढे निदान सहा महिने चालू ठेवतात.

अनुजाचा निरोप आला होता, उपचार सुरू आहेत. इथे लिहायला तिची परवानगी आहे.

---

शाळेतल्या_बाई | २९ मार्च, सकाळी ६:५०

धागा आज सलग वाचला. आमच्या शाळेत आठवड्याला निळ्या आयर्न-फॉलिकच्या गोळ्या वाटतो. नववीतल्या मुली पोट दुखतं म्हणून खिडकीतून टाकून देतात. काय करू?

---

शुभ्रा_फिजिशियन | २९ मार्च, सकाळी ७:२०

बाई, गोळी रिकाम्या पोटी देऊ नका, मधल्या सुट्टीत डबा खाल्ल्यावर तुमच्यासमोर द्या. शौचाचा रंग काळा होतो, त्याला घाबरायचं नाही, हे आधीच सांगून ठेवा. बऱ्याच मुली त्या भीतीनंच टाकतात. त्या निळ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं, आठवड्याला एकच असल्यानं पोट सहसा सांभाळून घेतं. जिला पाळीत फार जातं किंवा जी प्रार्थनेला चक्कर येऊन पडते, तिचं हिमोग्लोबिन वेगळं तपासून घ्या, तिला आठवड्याची एक गोळी पुरणार नाही. आणि जी मुलगी गेले काही आठवडे डबाच उघडत नाही, मैत्रिणींतून बाजूला बसते, तिच्या आईला शाळेत बोलावून घ्या.